स्वल्पविरामबाईंचं न दिसणारं काम

विद्यापीठात तिला सगळे स्वल्पविरामबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम हो, पण पाठ वळली की स्वल्पविरामबाई! मुलांना निबंध, प्रबंध लिहायला मदत करायची, हे तिचं काम; लोकांना वाटे, ही नुसते स्वल्पविराम लावते. खोली जिन्याखाली. प्राध्यापकमंडळी तिच्याकडे मुलं अशी धाडायची, जसे इस्त्रीला कपडे. "जा, बाईंकडून नीट करून आण."

आणि ही बया नीट करून द्यायचीच नाही! समोर बसवून विचारायची, "तुला नक्की म्हणायचंय काय?" पोरं डोकं खाजवायची, वैतागायची आणि शेवटी स्वतःच धड लिहायची.

एवढं करून कागदोपत्री बाई शिक्षकेतर. शिकवते तर शिकवते म्हणा ना! अर्ज करकरून जोडे झिजले, तेव्हा कुठे समितीने बोलावलं. तिने एका विद्यार्थिनीचा प्रबंध पुढे ठेवला.

अध्यक्षांनी पानं चाळली. "यात तुमचं काय आहे? सगळं तर तिनंच लिहिलंय."

"तेच तर, सर!"

"तेच तर काय? एक लाल खूण नाही. उद्या तुम्ही तपासलेलं एखादं पान आणा, मग शिक्षकांत घ्यायचं बघू."

घरी नवरा म्हणाला, "मार की चार लाल रेघा. तुझं काय जातंय?"

"तुम्ही गप्प बसा हो!" ती फणकारली. त्याचं थोडं पटलं होतं, म्हणून जास्तच.

सकाळी एक मुलगी निबंध घेऊन आली. बाईंनी लाल पेन काढलं आणि पहिलं पान खसाखसा दुरुस्त केलं. झकास झालं हो, खोटं कशाला बोलू? मुलगी तर हरखलीच. तिने आपलं पेन पिशवीत टाकलं आणि मोबाईल काढला.

"उरलेलं पण करा ना मॅडम. मी बसलेय इथंच."

बाईंचा हात थांबला. त्यांनी पानाचा बोळा केला आणि टोपलीत फेकला.

"अहो मॅडम, किती छान झालं होतं!"

"माझं झालं होतं. तुझं कुठंय त्यात? काढ पेन."

समितीपुढे ती रिकाम्या हातांनी गेली.

"एक पानसुद्धा नाही?" अध्यक्ष म्हणाले.

"केलं होतं. फेकून दिलं."

"फेकलं? का?"

तिने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी तिच्या नावापुढे शिक्षकेतर लिहून पुढच्याला हाक मारली.