रोहण्याच्या काकूंच्या कुरड्या

मंडळी, आज मी एक नको ते "हो" म्हणून बसले आहे.

परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांवर माझी पीएचडी चालू आहे. त्यासाठी सकाळी रोहणा गावात एका काकूंकडे गेले. घरची भाजीपाल्याची शेती, एकुलता मुलगा कॅनडात.

मी रेकॉर्डर लावला, तशा काकूंनी आतून कुरड्यांचा डबा आणला. "तू बाहेर गेलेल्या पोरायचंच काम करून राह्यली ना? मंग तिकडे जाशीलच. त्याले देजो."

मी कुठेच जाणार नव्हते. पण नाही म्हटलं तर मुलाखत तिथेच थांबेल, या भीतीनं हो म्हटलं. मग काकू मोकळेपणानं बोलल्या, रडल्यासुद्धा. रेकॉर्डिंग मस्त झालं.

निघताना म्हणाल्या, "त्यानं खाल्ल्या का, ते सांगजो मले."

डबा समोर टेबलावर आहे. कॅनडाला कोणी जातंय का?