दुसरा रिमोट

आमच्या घरी टीव्हीला जोडायचा एक जुना कॉम्प्युटर आहे. काकांनी आखातातून आणलेला. गेम कॅसेटवरून चढतो, तोवर चहा होतो. गेम खेळायचा रिमोट लावायला त्याला दोन जागा आहेत, पण रिमोट आला एकच, आणि तो अर्थातच माझ्या हातात. धाकट्या बहिणीला मी सांगायचो, "तू बघ गो. बघून शिकतात. तुला दुसरा आणू." तिने लग्न होईपर्यंत बघितलं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर वाशिंदहून तिचा फोन आला. "दादा, भाऊबीजेला येतेय. माझा रिमोट आला का रे?" आणि हसली. ते हसणं मला झोंबलं. म्हटलं, या खेपेला आणूनच दाखवतो.

शहापूरच्या बाजारात सगळं मिळतं, फक्त 'नाही' हा शब्द मिळत नाही. पहिल्या मोबाइलवाल्याने भलत्याच पिनचा रिमोट काढला. मी म्हटलं, आमच्याला नऊ भोकांचा लागतो. "कापून जोडतो ना, बसंल." दुसऱ्याने कॉम्प्युटरचा फोटो बघून विचारलं, "टाइपरायटर हाय का?" तरी त्याच्याकडचाही बसणारच होता. सापगावच्या एका जाणकाराने तर कॉम्प्युटरच बदलायला सांगितला. रोगापेक्षा औषध भयंकर.

शेवटी मुरबाडला, टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात, जुन्या व्हिडिओ गेमचा रिमोट धूळ खात पडलेला सापडला. नऊ भोकं दोनदा मोजून घेतली. घरी लावला तर चपखल बसला. पडद्यावरचा माणूस मात्र जागचा हलेना. पत्रिकेत छत्तीस गुण जुळावेत आणि नवरा-बायकोने तोंडं फिरवून बसावं, तसली गत. पुन्हा मुरबाड गाठलं. दुकानदार म्हणाला, "बसला ना? मंग आमचं काम झालं. आतल्या वायरी कशा जोडल्यात, ते आमाला काय म्हायती?"

भाऊबीजेच्या सकाळीही मी त्या रिमोटशी झटत बसलो होतो. बायको म्हणाली, "तुमचा जुना चालतोय ना? मग तो वन्संना द्या."

"आणि मी काय करू?"

माझ्या तोंडून काय निघालं ते माझं मलाच ऐकू आलं, आणि लाज वाटली. एका रिमोटसाठी दोन तालुके पालथे घातले, पण हातातला सोडायचं डोक्यातही आलं नव्हतं.

बहिणीने ओवाळलं, तेव्हा मी तो जुना रिमोटच ताटात घातला. "दुसरा नाय मिळाला," मी म्हटलं. तिने रिमोट उचलला, ताट तसंच बाजूला ठेवलं आणि टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली. तिला प्रत्येक वळण पाठ होतं. ज्या दरीत मी आजवर हमखास मेलो, ती तिने सहज ओलांडली. अर्धा तास झाला. मी हात पुढे केला. "आता दे ना, एकच डाव."

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "बघ रे दादा. बघून शिकतात."