गोपिकेचा फळा चक्कीवरून हलला तेव्हा

गोपिकेला राग आला की ती बोलायची नाही, हातातला खडू मोडायची. मला राग आला की अख्ख्या गल्लीला कळतं. नागपूरच्या महाल भागात आमची दारं समोरासमोर, त्यामुळे तिच्या वाटचंही मीच बोलून घ्यायची. आताही मीच सांगते आहे, कारण ती स्वतःबद्दल सांगायला बसली तर दोन वाक्यांत आटपेल.

ती मूळची उमरेडची. सातवी शिकली आणि लग्न होऊन इथं आली. नवरा कापड मिलमध्ये पाळीवर, घरी आला की जेवून झोपायचा. सासू स्वभावानं चांगली, पण ठार बहिरी. म्हणजे दुसऱ्यांच्या गोष्टी सांगायची एवढी हौस असलेली बाई नेमकी अशा घरात पडली, जिथं ऐकायला कोणी नाही. बाप्पा, माझं तर डोकंच फिरलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी नानाजींची पिठाची चक्की होती. बाहेरच्या भिंतीवर काळा रंग फासून त्यांनी फळा केला होता आणि त्यावर 'लाइट नाही' किंवा 'चक्की बंद' एवढंच लिहायचे. तेही असं, की कोंबडी चालून गेली असं वाटावं. एकदा बायका डबे घेऊन अर्धी सकाळ ताटकळल्या आणि मग कळलं की चक्की बंद असल्याचं फळ्यावर कधीचं लिहिलेलं आहे. मी नानाजींना बोलायचं ते बोलले. गोपिकेनं मात्र खडू उचलला आणि तेच ठसठशीत अक्षरात परत लिहिलं. नानाजी म्हणाले, "आता तूच लिहीत जाय वं पोरी. माह्या मागची कटकट गेली."

तेव्हापासून फळा तिचा. वर चक्कीची वेळ. मध्ये मोहल्ल्याची खबर, म्हणजे स्टोव्हचं मातीचं तेल कधी येणार, कोणाची पोरगी मॅट्रिक झाली, ज्वारीत किडे पडू नयेत म्हणून काय घालावं. आणि सगळ्यात खाली गोष्ट, रोज तीन ओळी. उमरेडची बायजाबाई नवऱ्याशी भांडून एस.टी.त बसली आणि नागपूरला निघाली, एवढीच ती गोष्ट. पण बस काही पोचेना! कधी टायर फुटायचा, कधी शेजारच्या सीटवरची बाई आपली कर्मकहाणी सुरू करायची. दळण होईपर्यंत बायका वाचायच्या. लाइट गेली की दोनदा वाचायच्या. जिला वाचता येत नाही तिला दुसरीनं मोठ्यानं वाचून दाखवायचं, असा रिवाजच पडला. चक्कीच्या आवाजावर ओरडावं लागे. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी प्रयागबाई तर दळण नसलं तरी यायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. "काय म्हणते वं आपली बायजा?" असं विचारत भिंतीला टेकून बसायची.

त्र्याहत्तर साली नानाजींचा दमा वाढला. पीठ छातीत जातं, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. जागा भांड्यांच्या दुकानाला गेली. पोळा झाला की भिंतीला चुना मारणार, असं नव्या मालकानं सांगून टाकलं.

गोपिका त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "प्रेमिला, माह्या बायका आता कुठी जातील?"

"दळायले जातील दुसऱ्या चक्कीवर. आणखी कुठी?"

"दळायले तं जातील वं. वाचायले?"

मी हसले, तर तिच्या डोळ्यांत पाणी. "तुले हसू येऊन राहिलं. माहं बोलणं ऐकणारं एवढंच आहे न जगात," ती म्हणाली. मी चहा ठेवला.

तिनं आपल्या परीनं पक्का बंदोबस्त केला. बायका कुठं जमतात? रेशनच्या दुकानात. त्या वर्षी रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची आणि लाइन कधी संपायची नाही. दुकानदार रुपरावजींनी बाजूची भिंत दिली. गोपिकेनं स्वतः काळा रंग लावला. जुन्या फळ्यावर तिनं आठवडाभर आधीपासून अगदी वर लिहून ठेवलं, की पोळ्यानंतर फळा रेशन दुकानाच्या भिंतीवर. शेवटच्या दिवशी बायजाबाईची बस एकदाची पोचली. 'बायजाबाई स्टँडवर उतरली. पिशवी सावरली. मागून कोणीतरी हाक मारली, बायजे!' असं लिहून तिनं हात झटकले. दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीफटक.

आणि नव्या भिंतीकडं काळं कुत्रं फिरकेना.

लाइन होती, पण लाइनची पाठ फळ्याकडं! सगळ्यांचे डोळे तराजूवर. मान वळवली की पुढं कोणी घुसलंच म्हणून समजा. गोपिका वर नवी खबर लिहायची, पण खाली त्याच, हाकेवर थांबलेल्या तीन ओळी ठेवायची. "वाचणाऱ्याच आल्या नाही तं मी पुढं कशी जाऊ?" म्हणायची. रोज संध्याकाळी जाऊन बघायची, कोणी थांबलं होतं का, रुपरावजींना विचारायची. जेवण सुटलं. रात्री झोप नाही म्हणून डोळे खोल गेले. मला तिची भीती वाटायला लागली, खरं सांगते. एकदा मी विचारलं, "हाक मारली तरी कोणं?" तर म्हणाली, "मलेच माहीत नाही अजून."

मग मी बाजारात दोघीतिघींना धरलं. "काहून वं, फळा तिकडं गेला, वाचलं नाही?"

"कुठी लिहिलं होतं?"

"सगळ्यात वर! एवढ्या मोठ्या अक्षरात!"

"वरचं कोण वाचते वं? थे तं चक्कीचा टाइम राहते. आम्ही सरळ बायजाबाईपासून सुरू करतो."

घ्या! डोक्यावर हात मारून घेतला मी. घरी येऊन गोपिकेला सांगितलं, "भैताड आहेस तू. खाली लिहिलं असतं तं सगळ्या आल्या असत्या." तिनं खडू मोडला. मोडलेले तुकडे परत मोडले.

बायका तोवर तीन दिशांच्या तीन चक्क्यांवर पांगल्या होत्या. मी म्हटलं, चल, घरोघरी जाऊन सांगू. ती तडकली. "मले वाचा, मले वाचा म्हणून दारोदार हिंडू काय? त्यापेक्षा फळा नसलेला बरा." पण दुसऱ्या दिवशी स्वतःच दारात उभी. म्हणाली, "झाकणं."

चक्कीवर डबे ठेवले की झाकणावर खडूनं नाव लिहितात, पीठ अदलाबदल होऊ नये म्हणून. आम्ही तिन्ही चक्क्यांवर गेलो. एक चक्कीवाला आमच्याकडं असा पाहत होता, जसं काही आम्ही पीठ चोरायला आलो. मी त्याला बोलण्यात गुंतवलं आणि तिनं प्रत्येक नावाखाली लिहिलं, 'बायजाबाई रेशन दुकानाच्या भिंतीवर आहे.' हात पिठानं आणि खडूनं पांढरे झाले. परत येताना कित्येक दिवसांनी ती हसली.

ते हसू संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. मी माझं दळण घरी आणलं, डबा खाली ठेवला आणि सवयीनं ओलं फडकं घेऊन झाकण पुसलं. ती दारातून बघत होती. तिचा चेहरा उतरला. "प्रेमिला, घरी आणला की पयले डबाच पुसतात वं सगळ्या."

मी हातातल्या फडक्याकडं बघत राहिले. महालातली कोणती बाई पिठानं माखलेला डबा तसाच मांडणीवर ठेवते?

दुसरा दिवस कोरा गेला. तिसराही. चौथ्या दिवशी गोपिका म्हणाली की आज शेवटचं जाते, फळा पुसून टाकते आणि रुपरावजींना त्यांची भिंत परत देते. मलाही मिलो आणायची होती, म्हणून मी सोबत गेले आणि लाइनीत उभी राहिले. ती ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी गेली. मला तिला थांबवायचं होतं, पण नंबर सोडवेना. माझ्यापुढं दोनच बायका उरल्या होत्या.

तेवढ्यात वळणावर प्रयागबाई दिसली. एक हात पदराखाली, दुसरा कमरेवर, धापा टाकत. तिच्यामागं आमच्या चक्कीवरच्या सहा-सात बायका.

"थांब वं गोपिके!" म्हातारी लांबूनच ओरडली आणि पदराखालून डब्याचं झाकण काढलं. पुसलेलं नव्हतं. पदर लागून अक्षरं थोडी फिसकटली होती, एवढंच.

"सून नरखेडले माहेरी गेली. घरात वाचणारं कोणी नाही," ती म्हणाली. "पण सुनेच्या नावाखाली हे दिसलं. मले अक्षर नाही येत पोरी, पण वळण तुहं ओळखते. चार दिवस कोणाले हात लावू दिला नाही झाकणाले. आज हिच्या घरी गेली," तिनं मागच्या एकीकडं बोट दाखवलं, "तं हिनं वाचून दाखवलं."

"मंग सरळ इकडंच यायचं न मावशी," गोपिका कशीबशी म्हणाली. "दारोदार कायले हिंडल्या एवढ्या उन्हात?"

"एकटी येऊन काय करू? वाचून दाखवायले कोणी नको काय? घरोघरी झाकण दाखवलं अन् घेऊन आली साऱ्यायले." म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली. "आता सांग. कोणं हाक मारली होती तिले? मले झोप नाही."

गोपिकेनं फडक्यानं जुन्या तीन ओळी पुसल्या आणि खडू घेतला. तिनं लिहिलं आणि मी लाइनीतूनच वाचायला लागले, चक्की चालू असल्यासारखी ओरडून. 'बायजाबाईनं वळून पाहिलं. एक म्हातारी उभी होती. तिच्या पदराखाली डब्याचं झाकण होतं.'

वाचता वाचता मी फळ्यापाशी कधी पोचले, मला कळलं नाही. मागं पाहिलं तर अख्खी लाइन तोंड वळवून उभी.

"प्रेमिलाबाई, नंबर गेला तुमचा!" रुपरावजी ओरडले.

"जाऊ द्या!" मी म्हटलं.

"अवं, थे म्हातारी तं मीच न?" प्रयागबाई सगळ्यांकडं बघत म्हणाली. "मीच होय न वं? मंग आता कुठी नेते मी तिले?"

"तुमच्या घरी, मावशी," गोपिका म्हणाली, आणि तिथंच तिच्याजवळ खाली बसून रडायला लागली.