उतरती रेघ

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी नंदुरबारच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. मुदतीच्या तापावर, म्हणजे टायफॉइडवर, तेव्हा औषध नव्हतं. अंग पुसायचं, दूध-पेज द्यायची आणि वाट पाहायची. तिसऱ्या आठवड्यात आतडी इतकी नाजूक होतात, की भाकरीचा तुकडाही जीव घेऊ शकतो. हे मी घरच्या माणसांना दहा-दहा वेळा बजावत असे.

रनाळ्याची एक बाई तरुण लेकीला घेऊन आली होती. खाटेच्या डोक्याशी तापाचा तक्ता टांगलेला असे. बाईला अक्षर येत नव्हतं, पण रेघ वर गेली की ताप चढला, खाली आली की उतरला, हे तिला एका झटक्यात समजलं. शेजारच्या खाटेवरच्या पोरीची रेघ उतरली तेव्हा तिच्या सासूला हिनेच सांगितलं, "ताप उतरना ना वं माय, आते साखर वाट."

दोन दिवसांनी स्वतःच्या लेकीची रेघ उतरली, तर हिने हंबरडा फोडला.

"बाई, मन्ही पोर खचत चालनी!"

"अहो मावशी, ताप उतरतोय."

"विहिरनं पानी खाले गयं का मळा गया. माले नका शिकाडू."

मी शेजारचा तक्ता पुढे धरला. "ती दुसरानी पोर शे, हाई मन्ही शे," एवढंच उत्तर. चौदा खाटा सांभाळून मी तिच्याशी रोज हुज्जत घालत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेघ एकदम वर. मी थर्मामीटर पुन्हा लावून पाहिला, तोच आकडा. बाई मात्र खूश. "दखा, जीव धरा पोरनी!"

माझं डोकंच फिरलं. तक्ता काढला, तिला ओसरीवर नेलं आणि म्हटलं, "पलीकडच्या खोलीतल्या पोरीचा आहे. रेघ वाचा."

"अरे देवा, उतरेल ताप परत चढना! काय खावाडं वं तिले?"

"तुमच्याच लेकीचा आहे."

तिने कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"काल दूधमा भाकर चुरीसन दिधी, बाई. रेघ वर येवाले पाहिजे म्हनीसन."

मी धावत जाऊन पोरीचं पोट चाचपलं. मऊ होतं, म्हणजे आतडं फुटलं नव्हतं. नशीब तिचं. तरी दहा दिवस आईला खाटेजवळ येऊ दिलं नाही. पोर वाचली. पण ओसरीवरून बाई रोज रेघेचं विचारी, आणि मी "उतरली" म्हटलं की शेवटच्या दिवसापर्यंत तिचं तोंड पडे.