बहिणीची मंडई

माझी बहीण अकरा वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. हाक मारली तर बघायची नाही. भाताला वरण लागलं तर ताटावरून उठायची. गोंदियाच्या डॉक्टरनं "दिमाग कमजोर है" एवढं सांगून हात झटकले. पुढचं सगळं माय एकटीनं शिकली. कुठलं कापड तिला टोचतं, भात किती कोरडा वाढायचा, डफ वाजायच्या आधी तिला कुठे न्यायचं.

दिवाळीनंतर कामठ्याजवळच्या आमच्या गावात मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. घरोघरी पाहुणे, रस्त्यावर दंडारीची नाचगाणी, डफ, गर्दी. त्या दिवशी माय बहिणीला ढोलीत बसवायची. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची, शेणामातीनं लिंपलेली मोठी कणगी; कापणी उरकलेली नसते म्हणून तेव्हा रिकामीच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. गोंदियात पत्रकं लिहायचो, वाटायचो. देश स्वतंत्र झाला आणि आमच्याच घरात माणूस कोंडलेलं, या विचारानं माझं डोकं तापायचं.

"धानाच्या जागी लेकीले कोंडतेस, माय? लोकायच्या भेवानं?"

माय वडे तळून राहिली होती. "लोकायचं मले नोको सांगू. दोन घागरी पाणी आण."

मी पाणी आणलं नाही. ती स्वतः विहिरीवर गेली, तेवढ्यात मी बहिणीला बाहेर काढलं आणि हात धरून मंडईत नेलं. पत्रकाचा मथळासुद्धा डोक्यात तयार होता.

डफावर थाप पडली तशी तिनं कान दाबले. मग माझ्या मनगटाला चावली, किंचाळत मागेपुढे डोलू लागली. कोणीतरी म्हणालं, "माता आली रे पोरीच्या अंगात." आणि आमच्याकडे माता आली की वाजवणं थांबवत नाहीत, वाढवतात, नाहीतर ती कोपते. वाजवणाऱ्यांनी बहिणीभोवती गोल धरला. कुणी कपाळाला हळद फासली, कुणी पायांवर पाणी ओतलं. मी "थांबा, थांबा" ओरडत होतो. म्हणजे गोंगाटात माझी भरच.

माय आली ती सासरच्या सगळ्या माणसांसमोर, उघड्या डोक्यानं. कोणाशी भांडली नाही. पदर बहिणीच्या कानांभोवती घट्ट गुंडाळला, तिला उचललं आणि चालू लागली. बाया वाटेत पाया पडत होत्या.

बहीण घरी येताच ढोलीत शिरली.

"माय, मी तिच्यासाठीच..."

"मी तिले शरमेनं नाही बसवत तेथं. आवाज पोचत नाही म्हणून बसवतो. तिले आवडते. तू कधी आत डोकावून पाह्यलं काय?"

पाहिलं नव्हतं. ज्याच्यासाठी गळा काढायचा त्याच्याकडेच बघायचं नाही, ही आम्हा पत्रकवाल्यांची खोड.

तीन दिवस ती ढोलीतून निघाली नाही, अन्नाला शिवली नाही. आणि दारात नारळ घेऊन माणसं यायला लागली. त्यांचा मला आजही संताप येतो; पण त्यांना माता दाखवली मीच. मायनं मला दारात बसवलं: येईल त्याला परत पाठव.

चौथ्या दिवशी एक म्हातारी आली. "दर्शन होईल काय, बाबू?"

मी उठून अंधश्रद्धेवर सुरू झालो, सभेतल्या आवाजात.

आतून माय म्हणाली, "हळू बोल. ती जेवून राहिली."

मी खाली बसलो. म्हातारीच्या कानाशी लागून सांगितलं, "आजी, इथं माता नाही. माझी बहीण आहे."