जाळ्यात येईल ते

निखाऱ्यावर सुका बांगडा भाजल्याचा वास आला की मला माझी पहिली नोकरी आठवते. पर्यटकांना ऑनलाइन खोल्या बुक करून देणाऱ्या कंपनीसाठी मी मालवण किनाऱ्यावरची घरं नोंदवत हिंडायचे, आणि पहिलं घर नोंदवलं ते आमच्या शेजारच्या मासे विकणाऱ्या काकीचं. फॉर्मवर जेवणाचा मेनू आधीच लिहून देणं सक्तीचं होतं. काकी माझ्यावरच डाफरली, "उद्या रापणीक काय गावतला, ता माका आज कसा कळतला गो?" किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यात उद्या कुठले मासे येतील ते आज कोण सांगणार? तिचं काही चुकत नव्हतं, म्हणून मी त्या रकान्यात लिहिलं, 'जाळ्यात येईल ते.' लगेच पुण्याच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला, असलं काही चालणार नाही म्हणाले. मी म्हटलं, "सर, इथे असंच चालतं. तक्रार आली तर मला काढून टाका." आणि पहिलं कुटुंब आलं त्याच दिवशी रापण ओढली, तर जाळं रिकामं! काकीने मात्र कुळथाची पिठी रटरटवली, घरातले सुके बांगडे भाजले आणि पाहुण्यांना पडवीत जेवायला बसवलं. त्यानंतर मी बऱ्याच नोकऱ्या केल्या, हुद्दे बदलले, पण जपून ठेवलेला कागद एकच आहे, त्या कुटुंबाच्या दुसऱ्या वर्षीच्या बुकिंगचा. त्यावर 'विशेष मागणी'समोर त्यांनी लिहिलंय, 'जाळं रिकामं आलं तर फार बरं.'