फुटबॉलचं हेल्मेट

फुटबॉलचा एकही नियम न शिकता एखाद्या कॉलेजला चषक मिळवून देणारं जगातलं एकमेव माणूस म्हणजे आमची थोरली आत्या, असं माझं ठाम मत आहे. आत्या धारला राहते, कॉलेजच्या मैदानाला लागूनच. शाळेत चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली आणि रोज संध्याकाळी अंगणात मुलांचा चेंडू येऊन पडतो, हे तिच्या प्रथमच लक्षात आलं. पहिल्यांदा तिनं मुलांना झापलं, दुसऱ्यांदा चहा पाजला आणि थोड्याच दिवसांत घडीची खुर्ची अन् शेवेचा डबा घेऊन ती गोलच्या मागे बसू लागली. मुलं तिला बुआजी म्हणायची. ती आजोबांच्या वेळच्या मराठीत बोले, मुलं मालवी ढंगाच्या हिंदीत उत्तरं देत आणि दोन्ही बाजूंचं उत्तम जमे. ऑफसाइड मात्र तिला शेवटपर्यंत पटला नाही. "पुढे गेला, यात बिचाऱ्याचा गुन्हा काय?" असं ती थेट पंचांना विचारी आणि त्यांना 'भाऊ' म्हणत असल्यामुळे त्यांनाही रागावता येत नसे. समोरच्या संघावर गोल झाला, की हिला त्यांच्या गोलकीपरची दया यायची. लगेच त्याच्या ओंजळीत शेव!

कधी दुसऱ्या फेरीपलीकडे न गेलेला आमचा संघ त्या वर्षी जिंकतच सुटला. साखळीत हरला तो एकच सामना, बागली गावच्या मुलांकडून. पण उपांत्य सामना जिंकून परतताना मोटारसायकलसमोर कुत्रं आलं आणि आमचा कप्तान डोक्यावर पडला. कपाळाला टाके पडले. दवाखान्यात आत्या त्याचा हात धरून बसली होती. अखेर डॉक्टरांनी त्याला अंतिम सामना खेळू दिला, पण चेंडूला डोकं लावायचं नाही, या अटीवर.

सामना देवासला, देवासच्याच संघाशी. वेळ संपत आली तरी गोल नाही. शेवटी कोपऱ्यातून आलेला चेंडू नेमका कप्तानाच्या कपाळाच्या उंचीवर आला. आत्या खुर्चीवर उभी राहून ओरडली, "डोकं नको रे, बाळा!" पोरानं ऐकलं. मागे झुकून त्यानं चेंडू छातीवर घेतला. डोक्याचा फटका येणार म्हणून देवासचा गोलकीपर केव्हाच हवेत झेपावला होता. कप्तानानं चेंडू अलगद जाळ्यात ढकलला. नंतर मुलांनी आत्याला खुर्चीसकट उचलून मैदानभर मिरवलं.

आठवण म्हणून कॉलेज मुलांना ढाली देणार होतं. आत्या तडक प्राचार्यांकडे गेली. "हेल्मेटं द्या."

"आत्याबाई, फुटबॉलमध्ये हेल्मेट नसतं हो."

"खेळात नसेल. घरी येताना डोकं असतंच ना?"

हेल्मेटं आली, पांढरी. आमच्या संघाचा गोलकीपर बाग गावचा, त्याच्या घरी कापडावर छपाई चालते. त्या छपाईतली लाल-काळी वेल आत्यानं प्रत्येक हेल्मेटवर स्वतः रंगवली. वेलीला प्रत्येक सामन्याचं एक पान; जिंकलेल्यांची लाल, हरलेल्याचं काळं. कप्तान कुरकुरला, "बुआजी, ये काला वाला हटा दो ना, सब भिया लोग पूछेंगे."

"का? त्या दिवशी तू खेळला नव्हतास?"

त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा लावला. पोलीस दिसल्याशिवाय हेल्मेट न घालणाऱ्या आमच्या गावात त्या संध्याकाळी अख्खा संघ वेली मिरवत फिरला आणि गच्चीगच्चीतून लोक टाळ्या वाजवत होते.

ती मुलं आता पांगली. कुणी पीथमपूरच्या कारखान्यात लागला, कुणी इंदूरला. आत्याचे गुडघेही बोलू लागलेत. यंदा सराव सुरू झाला तेव्हा मीच तिला हात धरून मैदानावर नेलं. सगळे चेहरे नवे. "आता नवी नावं माझ्याच्यानं पाठ व्हायची नाहीत," ती म्हणाली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. ऊन उतरलं. मी तिला उठवायला हात पुढे केला, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तो डावीकडचा, उंचसा पळतोय ना, त्याचं नाव विचारून ये बरं."